वजन वाढत होतं, पण मी बसत कुठे होते?

फोनमधली जागा भरली म्हणून जुने व्हिडिओ डिलीट करायला बसले होते, त्यात माझ्याच स्क्वॉटचे (बार पाठीवर घेऊन खाली बसायचं आणि परत उठायचं, तो व्यायाम) तीन व्हिडिओ एकापाठोपाठ लागले. ६० किलोचा, ८० चा आणि ९५ चा. तिन्ही एकाच रॅकमधले, म्हणजे बार ठेवायच्या लोखंडी चौकटीतले, एकाच बाजूने काढलेले, फोन त्याच बेंचवर टेकवलेला, त्यामुळे मागची भिंत, डंबेलचा स्टँड सगळं जागच्या जागी. ९५ चा व्हिडिओ मी त्या दिवशी वीसेक वेळा तरी पाहिला असेल, घरात सगळ्यांना दाखवला होता, माझा पीआर, म्हणजे तोवरचं सगळ्यात जास्त वजन, होता तो. पण तिन्ही लागोपाठ बघितले आणि काहीतरी खटकलं. मग प्रत्येक व्हिडिओ सगळ्यात खालच्या क्षणाला थांबवला, स्क्रीनशॉट घेतले आणि मोठे करून बघत बसले. ६० ला जांघेची घडी गुडघ्याच्या खाली. ८० ला गुडघ्याच्या वर, चार बोटं तरी. आणि ९५ ला मांडी उतरत्या छपरासारखी तिरकी, कंबर गुडघ्यापासून जवळजवळ वीतभर वर, आणि मी तिथूनच परत उठलेय.

वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त धक्का वेगळ्या गोष्टीचा होता. त्या ९५ च्या रेपला, म्हणजे एकदा बसून उठण्याला, मला, अगदी मनापासून सांगते, पूर्ण खाली गेल्यासारखं वाटलं होतं. मी जाणूनबुजून डेप्थ, म्हणजे खाली जायची खोली, चोरत नव्हते. खाली गेले, मांड्या आणि ग्लूट्स (बुडाचे स्नायू) ताणले गेले, आतून "आता बस" असं आलं आणि वर आले. ६० ला पण असंच आतून यायचं. मग दोन्हीत वीतभर फरक कसा?

यावर बरेच दिवस डोकं चालवलं, वाचलं, माझ्यापेक्षा जास्त वर्षं उचलणाऱ्यांना विचारलं, आणि माझ्यापुरतं उत्तर असं सापडलं की खाली गेल्याची जी जाणीव असते ती उंचीची नसतेच, ती ताणाची आणि दाबाची असते. पाठीवर ६० असताना जेवढा ताण तळाला गेल्यावर जाणवतो तेवढा ९५ असताना अर्ध्या वाटेतच जाणवायला लागतो. डोक्याच्या ओळखीची खूण ती, ते म्हणतं आला तळ, उठ. डोळे समोरच्या भिंतीवर, स्वतःची कंबर दिसत नाही, समोरच्या आरशात डेप्थ धड कळत नाही, म्हणजे मोजायला हातात काहीच नाही, नुसता अंदाज. आणि हा अंदाज दर वाढीव प्लेटला किंचित वर सरकतो. इतका किंचित की एका आठवड्याचा फरक कोणालाच दिसत नाही. मला दिसला नाही, रोज शेजारच्या रॅकमध्ये असणाऱ्या मैत्रिणीला दिसला नाही. आठ महिने गेले त्यात.

आता डेप्थ म्हणजे नक्की कुठपर्यंत, यावर जिममध्ये वाद घालणारे भरपूर भेटतात, पण पॉवरलिफ्टिंगमध्ये, म्हणजे वजन उचलायच्या स्पर्धांत, याला लेखी नियम आहे. इंटरनॅशनल पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या नियमात असं आहे की हिपच्या सांध्याजवळ मांडीचा जो वरचा पृष्ठभाग असतो तो गुडघ्याच्या वरच्या भागापेक्षा खाली गेला पाहिजे. बरोबरीला आला तर चालत नाही, खालीच जायला हवा. तीन रेफ्री असतात, एक समोर आणि दोन बाजूंना, त्यातल्या किमान दोघांनी पांढरा दिवा दिला तरच लिफ्ट धरतात, आणि डेप्थ कमी पडली म्हणून नाकारली तर लाल कार्ड दाखवतात. मला स्पर्धेत उतरायचं नाहीये, तरी हा नियम मी स्वतःला लावून घेतला, कारण त्यात घडी आणि गुडघा अशा दोन ठरलेल्या जागा आहेत, बाजूने काढलेल्या फोटोत बोट ठेवून दाखवता येतात. "जमेल तेवढं खाली" या मोजमापात मी आठ महिने घालवले होते.

पण नुसती वीतभर उंची, त्याने एवढा काय फरक पडतो असं मलाही आधी वाटायचं. पडतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. स्क्वॉटमध्ये बार पावलाच्या साधारण मध्यावर सरळ रेषेत वर-खाली होतो. खाली बसताना कंबर मागे जाते आणि गुडघे पुढे, आणि या दोन सांध्यांमधलं आडवं अंतर जेवढं वाढेल तेवढी तेच वजन उचलायला स्नायूंना जास्त ओढ लावावी लागते. मांडी आडवीपासून ४५ अंश वर असेल तर हे आडवं अंतर मांडीच्या लांबीच्या ७१ टक्के भरतं, ३० अंशांवर ८७ टक्के, आणि मांडी जमिनीला समांतर झाली की पूर्ण १००. म्हणजे स्क्वॉटचा सगळ्यात महाग टप्पा समांतरच्या आसपासच असतो, आणि खालून उठताना बहुतेक लोक अडकतात तेसुद्धा तिथून थोडंसं वरच. माझी ९५ ची मांडी साधारण ३० अंशांवर होती. मी त्या महागड्या टप्प्यात पायच ठेवला नव्हता, दारातूनच परत फिरले होते. त्यात खालच्या टोकाला क्वाड (मांडीच्या पुढचे स्नायू) आणि ग्लूट पूर्ण ताणलेल्या अवस्थेत काम करतात ते वेगळंच. दोन्ही स्क्वॉटना माझ्या व्यायामाच्या वहीत एकच नाव असलं तरी पायांनी केलेलं काम वेगळं होतं.

खरं-खोटं करायचं म्हणून पुढच्याच आठवड्यात एक दिवस नीट वॉर्मअप करून, मैत्रिणीला बाजूला गुडघ्यावर बसवून, ती "हो" म्हणेल तेव्हाच उठायचं असं ठरवलं. ७७.५ किलो, एक रेप. ८० ला ती "हो" म्हणालीच नाही. माझं खरं वजन ७७.५ होतं, आणि मी वहीत ९५ लिहून बसले होते.

इथे गुडघ्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण मी हे कोणाला सांगितलं की पहिलं उत्तर येतं, "बरंच झालं की, खाली गेलं की गुडघे जातात." मला सुरुवातीला शिकवणाऱ्या ट्रेनरनेसुद्धा हेच सांगितलं होतं, नव्वद अंशांवर थांबायचं आणि गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. ही भीती जुनी आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत कार्ल क्लाइन यांनी डीप स्क्वॉटने गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, सैल पडतात असं मांडलं आणि ते शाळा-कॉलेजांतल्या कोचपर्यंत पसरलं. नंतरच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. २०१३ मध्ये हार्टमन आणि सहकाऱ्यांनी सगळं संशोधन तपासून लिहिलं की नीट शिकून, हळूहळू वजन वाढवत केलेल्या डीप स्क्वॉटने निरोगी गुडघ्याला जास्त धोका दिसत नाही, उलट अर्ध्या स्क्वॉटमध्ये लोक जे वाढीव वजन पाठीवर घेतात त्याने मणक्यावर आणि गुडघ्यावरही ताण वाढतो. हे वाचून मी माझ्या ९५ कडे परत एकदा बघितलं.

आणि गुडघा पुढे न जाऊ देण्याचं म्हणाल तर २००३ चा एक छोटा प्रयोग आहे, फ्राय आणि सहकाऱ्यांचा. गुडघ्यांसमोर फळी लावून ते पुढे जाणं अडवलं. गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांधा फिरवणारा जोर, सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाला खरा, पण हिपवरचा २८ न्यूटन मीटरवरून ३०० च्या वर गेला, दहा पटीने. गुडघा अडवला की धड पुढे वाकतं आणि सगळा बोजा कंबरेकडे जातो. मला तेव्हा रोज स्क्वॉटनंतर लोअर बॅक धरायची, त्याचं कारण मी कमरेला बांधायच्या बेल्टमध्ये शोधत होते. ज्यांचा गुडघा आधीच दुखतोय किंवा ऑपरेशन झालंय त्यांनी मात्र हे वाचून खाली जाऊ नका, आपल्या डॉक्टरला किंवा फिजिओला विचारा.

अजून एक अभ्यास मला खूप कामाचा वाटला, कुबो आणि सहकाऱ्यांचा, २०१९ चा. १७ पुरुष, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका गटाने पूर्ण स्क्वॉट केला आणि दुसऱ्याने अर्धा. क्वाड दोन्हींचे जवळपास सारखेच वाढले. पण ग्लूट पूर्णवाल्यांचे ६.७ टक्के आणि अर्धवाल्यांचे २.२, मांडीच्या आतल्या बाजूचे ॲडक्टर ६.२ विरुद्ध २.७. म्हणजे अर्धा स्क्वॉट अगदी वाया जातो असं नाही, पण तळातून उठवणारे जे स्नायू, तेच उपाशी राहतात. मग वजन वाढलं की तळात ताकद नाही, म्हणून वर थांबायचं, वर थांबलं म्हणून तळातली ताकद वाढत नाही. मी या चक्रात अडकले होते आणि दर आठवड्याला प्लेट चढवत होते.

तर ६५ पासून परत सुरू केलं. ९५ वरून ६५. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये की रॅकमधून २० च्या प्लेट काढून ठेवताना कसं होतं, आजूबाजूला कोणी बघत नसतं तरी होतं. पण नुसतं वजन उतरवून काम झालं नाही. ६५ ला डेप्थ आली, ७० ला आली, आणि ७५ ला परत जायला लागली. म्हणजे कारण वजनात नव्हतं, माझ्या कुठल्यातरी सवयीत होतं, आणि ते शोधायला जे दोन-तीन महिने लागले ते मला सगळ्यात जास्त शिकवून गेले.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट, भीती. हे कबूल करायला वेळ लागला कारण मला भीती वाटतेय असं वाटायचंच नाही. पण व्हिडिओ हळू करून बघा, हलक्या वजनाला मी एका वेगात खाली जाते, जड वजनाला मध्येच वेग मंदावतो, समांतरच्या बरंच आधी ब्रेक लागतो, जसं अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी कुठेय माहीत नसलं की पाय चाचपडतो तसं. आणि खरंच माहीत नव्हतं. माझ्या रॅकच्या सेफ्टी पिन (बार पडला तर तो अडवणारे आडवे दांडे) आधीच्या कोणीतरी ठेवलेल्या उंचीवर असायच्या, बहुतेक वेळा खूपच खाली, मी कधी हलवल्याच नाहीत. अडकले तर काय होईल याचं उत्तर माझ्या शरीराकडे नव्हतं, मग ते अडकण्याच्या जागी जाणार तरी कसं.

मग एक दिवस फक्त पिनसाठी दिला. रिकाम्या बारने पूर्ण खाली बसले, मैत्रिणीने बार खांबावरच्या कुठल्या भोकाशी येतो ते बघितलं, आणि पिन त्याच्या दोन-तीन बोटं खाली लावल्या. इतक्या वर नको की नेहमीच्या रेपला बार आपटेल, आणि इतक्या खाली नको की अडकल्यावर पार दुमडून जावं लागेल. मग मुद्दाम फेल व्हायची प्रॅक्टिस केली, आधी रिकामा बार, मग ४०, मग ६०. खाली जायचं, तळाला थांबायचं, आणि उठायचंच नाही, छाती वर ठेवून अजून थोडं खाली बसून बार पिनवर टेकवायचा आणि पुढे सरकून बाहेर यायचं. पहिल्या वेळी लोखंडाचा जो ठण्ण आवाज झाला त्याने अख्खी जिम वळून बघायला लागली. पाचव्या वेळी मला त्या आवाजाचं काहीच वाटेना. त्याच आठवड्यात ७५ ला डेप्थ आली, बाकी काहीही न बदलता. ज्यांची डेप्थ फक्त जड वजनाला जाते त्यांना मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, तुझ्या पिन कुठे आहेत, आणि त्यांच्यावर बार कधी ठेवून बघितलायस का.

दुसरी गोष्ट श्वास. हलक्या वजनाला श्वास कसाही घेतला तरी चालून जातं. जड वजनाला मी रॅकमधून बार काढताना श्वास भरायचे, तीन-चार पावलं मागे यायचे, पाय लावायचे, आणि तोपर्यंत अर्धी हवा गेलेली असायची. पोट सैल असताना खाली गेलं की धड डगमगतं आणि शरीर आपोआप वरच थांबतं, आणि मला वाटतं बरोबरच करतं ते. आता दोनच पावलं मागे, तिसरं फक्त ठीकठाक करायला, मग उभी राहून नव्याने श्वास, छातीत वरवर नाही, पोटात आणि बरगड्यांच्या बाजूंना, पाठीकडेसुद्धा, बेल्ट चारी बाजूंनी ढकलल्यासारखा, आणि तो धरून खाली. उठताना अडणारी जागा ओलांडली की सोडायचा. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी श्वास असा कोंडून धरायच्या आधी डॉक्टरशी बोलून घ्या.

बेल्टवरून आठवलं. मी बेल्ट ७० नंतरच घालायचे, आणि ७० नंतरच डेप्थ जायची, हे दोन शेजारी-शेजारी लिहिलेलं असूनही मला दिसलं नव्हतं. दहा सेंटीमीटर रुंद, जाड, कडक बेल्ट, आणि मी तो खाली, हिपच्या हाडांवर बांधत होते. तळाला जाताना त्याची खालची कड हाडावर आणि मांडीवर रुतायची. टोचलं की शरीर थांबतं. बेल्ट दोन बोटं वर घेतला, पुढे अगदी किंचित तिरका, आणि एक भोक सैल केला, आणि काम झालं. नी स्लीव्हजचंही (गुडघ्यावर चढवायच्या घट्ट बाह्यांचंही) तसंच, ७ एमएमच्या घट्ट स्लीव्हज गुडघ्याच्या मागे गोळा होतात आणि पोटरीला मांडी टेकल्यासारखं खोटंच वाटतं. मी त्या काढून टाकल्या नाहीत, थंडीत बऱ्या वाटतात, पण आता वॉर्मअपच्या पहिल्या सेटपासून घालते, म्हणजे तळ कसा जाणवतो ते सगळ्या वजनांना एकसारखं राहतं. नियम म्हणून एवढंच सांगेन की जी वस्तू फक्त जड सेटला अंगावर चढते तिच्यावर आधी संशय घ्या.

पाय आणि घोट्याबद्दल थोडक्यात, कारण माझी अडचण तिथे कमी होती. भिंतीकडे तोंड करून, पाऊल भिंतीपासून दहा सेंटीमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघा. नाही टेकला तर घोटा आखडलाय, आणि तळाला एकतर टाच उचलेल किंवा धड वाकेल. त्यावर रोज घोटा मोकळा करायचे व्यायाम आहेत, आणि तोपर्यंत टाच साधारण २ सेंटीमीटर उंच असलेले वेटलिफ्टिंगचे शूज खरंच मदत करतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पाय किती फाकवायचे, बोटं किती बाहेर, हे प्रत्येकाच्या मांडीच्या हाडावर आणि हिपच्या खोबणीवर ठरतं. माझ्या मैत्रिणीच्या मांड्या लांब आहेत, ती माझ्यासारखी ताठ कधीच बसू शकणार नाही, ती जास्त वाकते आणि तरीही व्यवस्थित खाली जाते. दुसऱ्याच्या स्क्वॉटचा फोटो बघून स्वतःचा ठरवू नका. आणि तळाला कंबर आत गोल वळते ना, ती जिथून वळायला लागते त्याच्याही खाली जायचा हट्ट जड वजनाला नको. घडी गुडघ्याखाली गेली की पुरे, टाचांवर बूड टेकवायची गरज नाही.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त मदत केली ती, आणि ती अगदी साधी आहे. इलॅस्टिकची एक पातळ पट्टी. रॅकच्या दोन मागच्या खांबांना आडवी बांधायची, मी जिथे बसते तिथे मागे, अशा उंचीवर की घडी गुडघ्याखाली गेली की बुडाला ती हलकी शिवेल. बॉक्स ठेवला की लोक त्यावर टेकतात, वजन सोडतात, मणक्याला हिसका बसतो, आणि जड वजनाला मला ते आवडत नाही. इलॅस्टिक काहीच आधार देत नाही, फक्त सांगतं. शिवलं म्हणजे आलीस, नाही शिवलं म्हणजे नाही. उंची ठरवताना दोन दिवस लागले, रिकाम्या बारने व्हिडिओ काढायचा, फ्रेम थांबवायची, पट्टी अर्धा इंच खाली, परत. एकदा बरोबर उंची मिळाल्यावर खांबावर मोजून ठेवली, खालून कितवं भोक ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. आता डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते कातडीला कळतं, आणि कातडी वजन कितीही असलं तरी तेच सांगते.

त्याच्याबरोबर पॉज स्क्वॉट. आठवड्यात दोन स्क्वॉटच्या दिवसांपैकी एक पूर्ण याला दिला, ५५-६० किलो, तीन-तीन रेप, तळाला जाऊन मनात सावकाश दोन मोजायचे, श्वास न सोडता, पोट न सोडता, मग उठायचं. थांबलं की खाली जाताना ताणलेल्या स्नायूंतून जी उसळी मिळते ती बरीचशी विरून जाते, आणि उरते ती तळातली खरी ताकद. सुरुवातीला ५५ सुद्धा कठीण गेलं, ९५ चा पीआर लिहिलेल्या बाईला. पण याने तळ ही राहण्याची जागा झाली, तिथून पळायची घाई कमी झाली.

आणि वजन वाढवायचा हिशोब बदलला. आधी पाच रेप झाले की पुढच्या वेळी ५ किलो वाढवायचे, सरळ. आता पाचही रेपना पट्टी शिवली तरच, आणि २.५ किलोच, कधी तेही जास्त वाटलं तर अर्ध्या किलोच्या छोट्या प्लेट दोन्ही बाजूंना. न शिवलेला रेप मोजायचा नाही. म्हणजे चार केले आणि चौथा वर राहिला तर वहीत तीन. आणि सेटमध्ये एक रेप वर राहिला की दुसरा करून बघायचा नाही, तिथेच रॅक. हे शेवटचं मला खूप जड गेलं, कारण अंगात दोन रेप शिल्लक असतात, ते सोडून यायचं म्हणजे जिवावर येतं, पण थकल्यावर केलेले तेच दोन वरचे रेप शरीर लक्षात ठेवतं असा माझा अनुभव आहे, पुढच्या आठवड्याची सुरुवातच तिथून होते. पाच रेपच्या सेटमध्ये पहिला आणि शेवटचा रेप बघा, बहुतेकांची डेप्थ चौथ्या-पाचव्यालाच जाते, म्हणून आता जड दिवशी मी तीन-तीनचेच सेट जास्त करते.

व्हिडिओ अजूनही काढते, पण नीट. फोन बरोब्बर बाजूला, हिप तळाला जिथे येतं त्या उंचीवर. समोरून तिरका आणि जमिनीवर ठेवला तर गुडघा कॅमेऱ्याच्या जवळ असल्यामुळे उंच दिसतो आणि डेप्थ आहे त्यापेक्षा जास्त वाटते, वरून काढला तर उलटं होतं. ढगळ पँट नको, घडीच दिसत नाही. आणि व्हिडिओ बघायचा तो त्याच सेटनंतर, पुढच्या सेटच्या आधी, घरी जाऊन बघितलेला व्हिडिओ त्या दिवसाचं काहीच सुधारत नाही.

सात महिने झाले ६५ पासून निघून. ७७.५ मागे पडलं, ८० पडलं, ८५ ला पाच आठवडे अडकले होते, तेव्हा पॉजचं वजन वाढवलं आणि मग सुटलं. लोअर बॅक स्क्वॉटनंतर धरायची थांबलीये. मैत्रीण म्हणते, "अगं तू उठताना आता वेगळीच दिसतेस," म्हणजे काय ते तिला सांगता येत नाही, मला वाटतं तिला बार सरळ वर येताना दिसत असावा.

या मंगळवारी ९० लावलं, पाचच्या सेटसाठी. पहिला शिवला. दुसरा शिवला. तिसऱ्याला खाली जाताना मध्येच तो जुना मंदपणा आला, ब्रेक लागायला लागला, ओळखला मी तो, पोट अजून घट्ट केलं आणि खाली जात राहिले, शिवला, वर आले. चौथ्याला उठले आणि वर आल्यावर लक्षात आलं की मागे काहीच शिवलं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "अगं एक अजून कर, आहे तुझ्यात." होतं पण. मी बार रॅक केला, बेल्ट सोडला, वहीत ९० लिहिलं आणि त्याच्या पुढे ३.